चार मिनिटं बारा सेकंद

१

सुकेशनीला वाटलं होतं, माणसं विसरली जायला घाबरतात. स्कॉटलंडमधल्या विद्यापीठात दोन वर्षं ती हेच शिकली होती, आणि तिनं ते मनापासून मानलंही होतं. परतताना विमानात तिनं वहीत यादी केली होती: मेंढपाळ, हिमरू विणणारे, विहिरी खोदणारे. तिच्या डोळ्यांपुढं चित्र असं होतं की आपण गावात शिरू, लोक सतरंजी टाकतील आणि म्हणतील, बरं झालं आलीस पोरी, आमचा आवाज जपून ठेव.

लोकांनी सतरंजी टाकली, चहा दिला आणि विचारलं, "हे कशापायी?"

या प्रश्नाचं उत्तर तिला इंग्रजीत छान देता यायचं. मराठीत बोलायला गेलं की ते भाषणासारखं वाटायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे, तिला वाटलं होतं आपले दिवस रानात जातील. ते गेले शहरात, पुंडलिकनगरातल्या एका बैठ्या घराच्या मागच्या खोलीत. एका छोट्या संस्थेनं तिला ते घर दिलं होतं. दारावर 'आवाजघर' अशी पाटी होती. मागच्या खोलीत एसी, एक जाळीदार दाराचं लोखंडी कपाट, आणि कपाटात बंद पडलेल्या कुठल्याशा कंपनीकडून देणगीत मिळालेली स्टोरेजची पेटी. गोळा केलेला प्रत्येक आवाज शेवटी त्या पेटीत जायचा. ती सदान् कदा घोंघावत असायची. मुकुंदवाडीला घरी जाऊन जेवायला बसलं तरी सुकेशनीच्या कानात तो घोंगाट तासभर राहायचा.

वेरूळच्या अलीकडं, घाटाच्या पायथ्याला मुंजाबाचं बिऱ्हाड होतं. सत्तरी ओलांडलेला मेंढका. बायको बानाबाई आणि चाळीसेक मेंढरांची खांड. मुलगा रामहरी कारखान्यात कामाला होता आणि रोज मोटारसायकलनं ये-जा करायचा. दुपारी चार वाजले की मुंजाबा टेकडीखाली उभा राहून साद घालायचा. शब्द नव्हतेच तिच्यात. खालून वर चढत जाणारा एक लांबट सूर, मधेच तुटलेला, मग टाळूवर जीभ मारून काढलेले दोन 'टॉक'. त्या सुरावर सगळी टेकडी हलल्यासारखी वाटायची आणि मेंढरं उतरायला लागायची. शेजारच्या खांडीतलं एकही मेंढरू मान वर करायचं नाही.

त्यानं रेकॉर्डिंगला होकार दिला, पण अट घालून.

"म्या हाय तवर ऐका, लोकांला ऐकवा, नाचा त्याच्यावर. म्या गेलो की पुसायचं."

"का, बाबा?"

"का म्हंजे? आमच्यात पाळतात."

"पण तेव्हाच तर त्याची खरी किंमत..."

"पोरी, तू लई शिकलीस," मुंजाबा हसत म्हणाला. "शिकलेल्या माणसाला पुसाया येतं का नाय, येवढंच सांग."

तिनं होय म्हटलं. अट कागदावर लिहिली, त्याला वाचून दाखवली, त्यानं सही केली. मनात तिनं ठरवलं होतं की वर्ष-दोन वर्षांत आपण त्याचं मन वळवू. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग चार मिनिटं बारा सेकंदांचं झालं. पुढच्या खेपेला जाताना तिनं त्याच्यासाठी स्कॉटलंडमधल्या जत्रेत घेतलेली एक बारीकशी पितळी घंटी नेली. मुंजाबानं ती एका लंगड्या मेंढीच्या गळ्यात बांधली. इतर घंट्यांचा आवाज जाडाभरडा होता, हिचा काचेच्या पेल्यावर नख मारावं तसा. बानाबाई म्हणाली, "लंगडी इंग्रज झाली आता."

२

माघात मुंजाबा गेला. सकाळी वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, उठवायला गेला होता, तिचा खुंटा धरूनच खाली बसला, असं रामहरीनं फोनवर सांगितलं.

सुकेशनी तिसऱ्या दिवशी भेटायला गेली. बानाबाई रडत नव्हती. तिनं सुकेशनीचं मनगट धरून एका बाजूला नेलं.

"ताई, ते पुसलं का?"

"पुसते, मावशी."

"कधी?"

"उद्या."

"उद्या चारच्या आत. म्या फोन चालू ठिवते, तुमी पुसताना मला सांगा."

दुसऱ्या दिवशी साडेतीनला सुकेशनी मागच्या खोलीत बसली. फोन टेबलावर चालू होता आणि त्यातून लांबची मेंढरं ऐकू येत होती. तिनं यादीतलं मुंजाबाचं नाव निवडलं. खरं तर तिला ते शेवटचं एकदा ऐकायचं होतं, पण बानाबाई पलीकडं श्वास घेत होती. तिनं 'पुसा'वर बोट दाबलं. पडद्यावरचं चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. कपाटातला घोंगाट एकाएकी अर्ध्यावर आला. पेटीच्या मागच्या बाजूला एक पिवळा दिवा लागला.

"पुसलं का, ताई?"

चक्र फिरत होतं.

"पुसलं, मावशी," सुकेशनी म्हणाली. त्या क्षणी तरी ते खोटं आहे असं तिला वाटलं नाही. हुकूम दिला होता. तो पोचणं काही तिच्या हातात नव्हतं.

"बरं झालं," बानाबाई म्हणाली. "आता आमी नवी साद शिकवू त्यांला. हऱ्याला येत न्हाय, पण म्या शिकवीन." रामहरीला घरात हऱ्याच म्हणायचे.

३

गयासचाचांचं दुकान जुन्या शहरात होतं. तीस वर्षं संगणक उघडून बसलेला माणूस. सुकेशनीला ते 'बेटा' म्हणायचे आणि यंत्रांना 'येडं'.

"हे बघ बेटा," जाळीदार दार उघडून ते म्हणाले, "या चोवीस डिस्क म्हणजे गुरं. अन् त्यांच्यावर हे दोन कंट्रोलर, म्हणजे गुराखी. तुझा एक गुराखी मेला. दुसरा दोघांची गुरं सांभाळतोय, म्हणून दम लागलाय त्याला. नवा बसवायला लागंल."

नवा कंट्रोलर हैदराबादहून यायला सहा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत आवाजघर रखडत चालू होतं. मुंजाबाची फाइल यादीत दिसायची, पण उघडायची नाही. पुसलीही गेली नव्हती आणि राहिलीही नव्हती. सुकेशनी दिवसातून चार वेळा ते नाव बघायची आणि उठून पाणी प्यायची.

सहाव्या दिवशी सकाळी गयासचाचांनी मेलेला कंट्रोलर पेटीतून बाहेर ओढला आणि टेबलावरच्या चटईवर ठेवला. ताटाएवढा पत्रा, त्यावर हिरवी पाटी. एका कोपऱ्यात बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता.

"बंद आहे ना हा?" तिनं विचारलं.

"बंद हाय. पन याच्यात बॅटरी असते. मरताना जे कुठलं काम हातात होतं, ते त्यानं धरून ठेवलंय. आता लिहून काढतोय स्वतःपाशी. दिवा थांबला की मी त्याची आठवण नव्यात बसवणार, मंग नवा ते काम पुरं करतो. अर्धा तास थांब. चहा सांग."

"कुठलं काम?"

"ते तुला ठाऊक. आखरी हुकूम कोणता दिला होतास?"

सुकेशनीनं खुर्ची चटईजवळ ओढली. बाहेर भंगारवाला ओरडत चालला होता. तिला मुंजाबाचा सूर आठवत होता, पण पुरता नाही. वर चढतो तिथपर्यंत आठवायचा, तुटतो तिथं तिची स्वतःची कल्पना सुरू व्हायची. एका आठवड्यात एवढं गेलं होतं. वर्षभरानं काय राहील? जगाच्या पाठीवर कुणालाच ती साद पुन्हा कधी ऐकू येणार नाही, आणि ती कुणामुळं? एका शिकलेल्या मुलीमुळं, जी हे वाचवण्यासाठीच परत आली होती.

"आत्ताच बॅटरी काढली तर?"

"तर आखरी हुकूम गेला समज. बाकी सगळं डिस्कवर हाय, त्याला धक्का नाही."

"मग काढा."

गयासचाचांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "कायकू घाई? दिवा बुझू दे ना. तीस वर्षांत मी कधी चालू दिव्यावर हात घातला नाही."

"काढा, चाचा. काही विशेष नव्हतं त्यात."

त्यांनी बॅटरी काढली. दिवा विझला. नवा कंट्रोलर बसवला, वायरी जोडल्या, पेटी सुरू केली. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत प्रश्न आला: या डिस्कांचा मालक दुसरा आहे, त्याला डावलून पुढं जायचं का?

"हे विचारतंच ते," गयासचाचा म्हणाले. "जुन्याचा नंबर लिहिलेला असतो ना गुरांवर. हौ म्हण."

सुकेशनीनं होय दाबलं. घोंगाट पहिल्यासारखा भरून आला. यादी उघडली. मुंजाबाचं नाव होतं तिथंच होतं, चार मिनिटं बारा सेकंद. तिनं कानाला लावून ऐकलं आणि साद तुटते तिथं तिचे डोळे भरले. आपण वचन मोडलेलं नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. यंत्रानं ते पाळलं नाही, एवढंच.

४

चार दिवसांनी ती अहवालासाठी सगळ्या फाइलींची लांबी उतरवून घेत होती. मुंजाबाच्या नावापुढं चार मिनिटं एकतीस सेकंद होते.

आपण आधी चुकीचं वाचलं असेल, असं तिला वाटलं. तिनं कागद काढला. त्यावर तिच्याच अक्षरात चार-बारा होतं. मग तिला वाटलं, हिशेब ठेवायची नव्या कंट्रोलरची पद्धत वेगळी असेल. दुसऱ्या कुठल्याच फाइलची लांबी बदललेली नव्हती, तरी तिला ते पटलं. माणसाला पटवून घ्यायचं असलं की पटतं.

दुसऱ्या दिवशी चार-अठ्ठावन्न. तिसऱ्या दिवशी सहा मिनिटं.

तेव्हा मात्र तिनं दार लावून, कानांवर हेडफोन चढवून, शेवटपर्यंत ऐकलं. सुरुवात तीच: वारा, मुंजाबाचं खाकरणं, साद. टेकडीवरून उतरणाऱ्या घंट्या. चार मिनिटं बारा सेकंदांना तिनं त्या दिवशी यंत्र बंद केलं होतं; तिथं तिच्या बोटाचा 'टक' असा आवाज असायचा. तो टक आलाच नाही. वारा चालू राहिला. मुंजाबानं पुन्हा साद घातली. आणखी घंट्या आल्या, एक, मग दोन, लांबून, रेंगाळत. आणि त्यांच्यामागून, लंगडत्या चालीनं, काचेच्या पेल्यावर नख मारावं तसा एक बारीक आवाज.

सुकेशनीनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

ती घंटी तिनं रेकॉर्डिंगनंतर महिन्यानं दिली होती.

गयासचाचांना तिनं बोलावलं, पण घंटीचं सांगितलं नाही. फक्त लांबी वाढतेय म्हणाली. त्यांनी वायर बदलली, घड्याळ तपासलं, मग म्हणाले, "ऐकव तर खरं." अर्ध्या मिनिटात त्यांनी हेडफोन काढून तिच्या हातात दिले.

"काय झालं?"

"काही नाही." ते आपली हत्यारं पिशवीत भरायला लागले. "बेटा, हा माणूस कोणाला बोलावतोय?"

"मेंढरांना."

"हां," ते म्हणाले. "मेरेकू लगा, मला बोलावतोय."

ते दुकान उघडायचंय म्हणून निघून गेले. दुपारचे चार वाजत आले होते. पेटीचा घोंगाट चालू होता आणि सुकेशनीला प्रथमच असं वाटलं की त्या घोंगाटाच्या आत, खूप खाली, काहीतरी पाय आपटत चाललंय.

५

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं वेरूळच्या फाट्याला उतरली. मुंजाबाच्या फोटोची कॉपी द्यायची आहे, असं निमित्त तिनं सोबत घेतलं होतं.

बानाबाई वाघरीजवळ उकिडवी बसली होती. वाघर तेवढीच होती, पण आतल्या मेंढरांभोवती खूप जागा उरली होती.

"कमी झालीत, मावशी?"

"व्हय."

"किती?"

"मोजत नाय आमी. तोंडं वळखतो. काळमुखी गेली, तिची दोन्ही पिल्लं गेली. चितळी गेली. तुमची इंग्रज लंगडी तर पयलीच गेली. तिला चालता येत न्हवतं धड, ती पयली."

रामहरी मोटारसायकल पुसत होता. "चोर हायत, ताई. गाडी लावत्यात रस्त्याला, टाकत्यात आत. आई म्हणती आपल्या पायानं जात्यात."

"चोर आला असता तर कुत्रं भुकलं नसतं का?" बानाबाई म्हणाली. "चार वाजले की उठत्यात अन् चालाया लागत्यात. म्या आडवी झाले, तर माझ्या अंगावरून गेली. लांडग्याचं रगत नाय, लेंडी नाय, खुराची माती नाय. त्या बाभळीपतोर दिसत्यात, मंग नाय."

"आईला झोप नाही बाबा गेल्यापासून," रामहरी हळूच म्हणाला.

"ह्याला सांगा ताई, म्या येडी नाय. येडी असते तर ह्याच्या बापासंगं पन्नास वर्सं काढली असती का?" ती हसली, आणि हसता हसताच तिनं विचारलं, "पुसलंय न्हवं तुमी?"

उन्हानं डोळे बारीक करून ती वर बघत होती. खरं सांगायला याच्याइतकी सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. सुकेशनीच्या जिभेवर वाक्य तयार होतं. पण रामहरी ऐकत होता. आणि तिला वाटलं, आत्ता कबूल केलं तर हे लोक मला पुन्हा दारात उभं करणार नाहीत. आज जाऊन पुसते, मग खोटं खोटं राहणारच नाही, असा तिनं विचार केला.

"पुसलंय, मावशी."

"मंग आमच्याच नशिबात काय असंल," बानाबाई म्हणाली.

निघताना सुकेशनीनं मागं वळून पाहिलं. वाघरीतली मेंढरं चरत नव्हती, बसलेली नव्हती. सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी होती, शहराच्या. मधे कुठं कुठं मेंढराएवढी मोकळी जागा सोडून, रांगेत कुणी अजून यायचं असावं तशी.

६

पुसायचंच, या निश्चयानं ती आवाजघरात आली. चार वाजायला दोनच मिनिटं होती. यादीत त्या नावापुढं आता अठरा मिनिटं होती.

पुसण्याआधी एकदा ऐकावं, असं तिला वाटलं. याचा तिला पुढं सगळ्यात जास्त पश्चात्ताप झाला. भीती होतीच, पण भीतीपेक्षाही जुनी अशी एक हाव तिच्यात होती: असं काही पुन्हा कुणाला मिळणार नाही, निदान आपण तरी ऐकावं. तिनं हेडफोन लावले आणि फोन उलटा करून ठेवला.

घंट्या आता लांब नव्हत्या. खुरांचा आवाज होता, लोकरीला लोकर घासल्याचा, एखाद्या पिल्लाचं शिंकणं. मुंजाबाची साद थांबून थांबून येत होती. पूर्वी ती टेकडीकडं तोंड करून घातलेली वाटायची. आता ती तिच्याकडं तोंड करून घातलेली होती. दोन सादांमधल्या वेळात तो कुणाची तरी वाट बघतोय असं वाटायचं. श्वास ऐकू यायचा नाही, पण वाट बघणं ऐकू यायचं.

सतराव्या मिनिटाला सगळी खुरं थांबली. एका माणसाची पावलं आली. चप्पल फरफटत होती. धाप लागलेली.

"आले, आले," बानाबाईचा आवाज म्हणाला. "जरा थांबा की. काय घाई लागली तुमास्नी?"

सुकेशनीनं हेडफोन ओढून काढले. फोन सुलटा केला. सव्वाचार झाले होते. चार वाजून पाच मिनिटांनी बानाबाईचा फोन येऊन गेला होता. चार सातला पुन्हा. चार दहाला पुन्हा.

तिनं परत फोन लावला, लावतच राहिली. पावणेपाचला रामहरीनं उचलला. "फोन बाभळीखाली पडलाय, ताई. आई मेंढरांच्या मागं पळाली म्हणत्यात. गावातनं सांगावा आला, म्या आत्ताच कारखान्यातनं आलो. दिसंना कुठं. वाघर रिकामी हाय सगळी."

त्याचं बोलणं चालू असतानाच खोलीतला घोंगाट थांबला. वीज होती, एसी चालू होता, कपाटातले दिवे लुकलुकत होते, फक्त आवाज गेला होता. त्या शांततेत ओल्या लोकरीचा वास आला.

कपाट भिंतीला लावून ठेवलेलं होतं. मधे हात शिरेल एवढी जागा, मागं चुन्याची भिंत. जाळीच्या दारातून, पेटीच्या दिव्यांच्या मधल्या फटीतून, तिला ती भिंत दिसायला हवी होती. तिथं उतरतं ऊन होतं. पिवळं, खूप खोलवर गेलेलं, चार-साडेचारचं ऊन, आणि त्यात दाटीनं हलणाऱ्या पाठी, पलीकडं चाललेल्या. सगळ्यांच्या मागं कुणीतरी पदर कमरेला खोचत चाललं होतं. त्या माणसानं मान वळवायला सुरुवात केली, आणि सुकेशनीनं डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा घोंगाट सुरू होता. फटीतून चुना दिसत होता. फोनवर रामहरी "ताई, ताई" म्हणत होता.

७

अंधार पडेपर्यंत गावातली माणसं घाटात हाका मारत हिंडली. सुकेशनीही त्यांच्यात होती. हाक मारायला तोंड उघडलं की ती ते पुन्हा मिटायची, कारण त्या सगळ्यांत बानाबाई कुठं आहे हे थोडंफार माहीत असलेली ती एकटीच होती. पोलिसांनी नोंद घेतली आणि उजाडल्यावर पुन्हा बघू म्हटलं.

सकाळी नऊ वाजता ती आवाजघरात आली तेव्हा रामहरी पायरीवर बसलेला होता. रात्रभर जागलेला.

"का आलो म्हायती नाय, ताई," तो म्हणाला. "आईनं शेवटाला तुमालाच फोन लावला होता. म्हटलं तुमाला काय म्हणाली का."

"मी उचलला नाही."

तो मान हलवून राहिला. तिला वाटलं, तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"काल चारला कारखान्यात होतो," तो म्हणाला. "मशीन चालू होतं, कान फुटत्यात तिथं, शेजारचा बोललेला कळत नाय. तरी मला वाटलं बाबांनी हाक मारली. गेटपतोर आलो होतो चालत. वॉचमन म्हणाला, पास कुठंय? तवा ध्यानावर आलो."

सुकेशनी त्याला पायरीवर सोडून आत गेली आणि मागची खोली उघडली. पडद्यावर फाइल एकोणीस तासांची झाली होती. तिनं शेवटची दोन मिनिटं ऐकली. बानाबाई कुणाशी तरी कामाचं बोलत होती. जळणाचं, कुठल्याशा पिल्लाच्या पायाचं. आवाज थकलेला नव्हता, दुःखीही नव्हता. मग मुंजाबानं साद घातली. तोच सूर, वर चढणारा, तुटणारा. पण जिभेच्या त्या दोन आवाजांच्या जागी आता एक शब्द होता. बापानं लेकाला घरात हाक मारावी तसा, लाडानं, घाई नसलेला.

"हऱ्या."

ती बाहेर आली. पायरीवर रामहरीशेजारी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. हुकूम, चक्र, हिरवा दिवा, बॅटरी. पुसलं म्हणून दोनदा खोटं सांगितलेलं. फटीतलं ऊन. समोरच्या घरासमोर एक बाई सडा टाकत होती; तिचं होईपर्यंत तो तिच्याकडंच बघत राहिला.

"म्हंजे अजून हाय ते," तो म्हणाला.

"आहे."

"त्यात आईचा आवाज हाय?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. त्याचंही ओझं हलकं झालं असतं आणि तिचंही. या महिन्यात ती जे जे खोटं बोलली होती, ते सगळं असंच कुणाचं तरी ओझं हलकं करण्यासाठी होतं.

"आहे," ती म्हणाली. "कालपासून आहे."

"बरी हाय का ती?"

"मला माहीत नाही, दादा. बोलतेय."

"पुसलं तर?"

"तर काय होईल तेही माहीत नाही. तिचं काय होईल ते माहीत नाही. नाही पुसलं तर आज चारला तुम्ही गेटवर थांबणार नाही, एवढं मला माहीत आहे."

रामहरी उठला. तिच्यामागून आत आला, कपाटासमोर उभा राहिला. तिला वाटलं तो जाळीतून बघेल, पण त्यानं बघितलं नाही. तो पेटीकडं पाठ करून उभा राहिला, जणू तिथं कुणी अंघोळ करत होतं.

"मला एकदा ऐकवा," तो म्हणाला. "आईचं तेवढंच. बाबांचं नको."

"वेगळं करता येत नाही ते."

"एक मिनिट फक्त."

सुकेशनीनं हेडफोनची वायर पेटीच्या बाजूनं उपटली आणि गुंडाळून खणात टाकली. आपण जपायला परत आलो होतो, हे तिच्या मनात येऊन गेलं. तिनं यादीतलं नाव निवडलं.

"ताई," रामहरी म्हणाला. त्याचा आवाज आता अगदी लहान झाला होता. "एकदाच."

"नाही," ती म्हणाली, आणि पुसलं.